काटा बरोबर आहे

फोन आला तेव्हा मी एका धान्याच्या गोदामात मोठ्या वजनकाट्याखाली आडवा पडून नट आवळत होतो. बायकोचा नंबर दिसला म्हणून तसाच उचलला. पलीकडे अनोळखी बाई होती.

"तुम्ही... काटेवाले का?"

"हो. कोण बोलतंय?"

"या बाईंच्या फोनमध्ये असंच नाव आहे हो. तुम्ही लगेच या. त्या बागेच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या... आता उठत नाहीयेत."

मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रोजच्या फेऱ्या झाल्यावर ती पायऱ्यांवर टेकली, बुटाची नाडी सोडायला वाकली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं कुणाचंही होऊ शकतं. मी एकच गोष्ट विचारली. तिने भावाला किडनी दिली होती, त्याचा काही संबंध? तिचे आधीच्या महिन्यातले रिपोर्ट त्यांच्यासमोरच होते. ते म्हणाले, काडीचाही नाही.

मग माणसं भेटायला यायला लागली. शेजारचे काका म्हणाले, "एवढा व्यायाम करून शेवटी काय मिळालं?" माझी आत्या म्हणाली, "एक किडनी देऊन बसली होती, दुसरं काय होणार?" माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझा चहा पीत! मी त्या दिवशी गप्प बसलो. आता बसणार नाही. काय मिळालं ते सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ती चिडलेलीच होती. मी वजनकाटे दुरुस्त करतो, तपासतो. एका मोठ्या इस्पितळाचे सगळे काटे माझ्याकडे होते. त्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत मी काट्याचं झाकण उघडून गुडघ्यावर बसलो होतो. बाहेर धो धो पाऊस. दार आपटलं आणि निथळत एक मुलगी आत आली.

"तुम्ही बघायला आलात ना याच्याकडे? बरं झालं. हा काटा अडकलाय."

"अडकलेला नाही, ताई. आत्ताच तपासला."

"अडकलाय! गेले कित्येक आठवडे मी आले की हा तोच आकडा दाखवतो. मी रोज पहाटे चालते. जिने चढते. गोड सोडलंय. आधी छान उतरत होतं, आणि आता एक ग्रॅम हलत नाही. म्हणजे बिघाड कुणात आहे? माझ्यात की यात?"

मी पेटीतली वजनं काढून काट्यावर ठेवली. वीस किलोला वीस. पन्नासला पन्नास. तिने वाकून पाहिलं. तिच्या वेणीचं पाणी टपकन माझ्या हातावर पडलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग माझे कपडे भिजलेत. ते वजा करा."

मला हसू आलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथल्या तिथे गिळलं. ताई म्हणण्याची चूकही मी त्यानंतर कधी केली नाही. ती मात्र लग्नानंतर वाद हरायला लागली की म्हणायची, "तुम्ही तर मला ताई म्हणाला होतात!"

ती का चिडली होती ते मला नंतर कळलं. तिचा धाकटा भाऊ शाळेची बस चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, डायलिसिसवर होता. तिची किडनी जुळत होती. पण डॉक्टरांनी अट घातली होती. देणाऱ्याचं वजन अमुक एका आकड्याच्या खाली हवं, नाहीतर शस्त्रक्रियेत आणि पुढे आयुष्यभर तिला धोका. ती त्या आकड्याजवळ आली होती, अगदी जवळ. चार किलो राहिले आणि सगळं थांबलं. तिकडे धाकटा दर आठवड्याला आणखी काळवंडत होता.

डायलिसिसच्या वॉर्डात माणसाला डायलिसिसच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं करतात. ते काटेही माझेच. त्यामुळे धाकट्याशी माझी ओळख झाली. आजारी होता, पण जीभ ठणठणीत.

"काटेवाले, आमच्या बाईसाहेबांना इथे कशाला उभं करता? ट्रक मोजतात तो काटा नाही का तुमच्याकडे?"

"तू गप रे!" ती म्हणायची. "तुझ्यासाठीच मरतेय ना मी?"

"मर, पण चार किलोने कमी होऊन मर."

ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची, आणि मग तोच हात बराच वेळ तिथे ठेवायची. मी ते पाहायचो. इस्पितळातले काटे त्या काळात जरा जास्तच वेळा तपासले गेले, हे मी नाकारत नाही.

एकदा जिन्याशी तिने मला गाठलं. इकडेतिकडे पाहिलं.

"काटेवाले... एक विचारू? तुमच्या हातात तो स्क्रू असतो ना. थोडासा फिरवला तर..."

"चार किलो?"

"चार किलो. कुणाला कळणार आहे?"

एवढी मानी मुलगी माझ्याकडे मान खाली घालून बोलत होती.

"नाही जमणार."

"माझ्यासाठीसुद्धा नाही?" ती हळूच म्हणाली.

'माझ्यासाठी' म्हणण्याइतकं आपल्यात काही आहे, हे मला तेव्हा तिच्याच तोंडून कळलं. तरी मी म्हणालो, "तुमच्यासाठी तर नाहीच. या आकड्यावर भरवसा ठेवून तुम्हाला टेबलावर झोपवणार आहेत."

तिचे डोळे भरले, पण रागाने. "तुम्हाला लोखंडाशिवाय काही कळत नाही!" म्हणाली आणि खाड खाड जिना उतरून गेली. त्यानंतर वॉर्डात मी दिसलो की ती खिडकीबाहेर पाहायची.

शेवटी धाकटाच म्हणाला, "घरी या. आमच्या घरातला काटाही तपासून द्या. रोज सकाळी ती त्याला शिव्या घालते, बिचारा खरंच बिघडला असेल."

मी गेलो. दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघराला दाराऐवजी पडदा. काटा ठीक होता. आईंनी जेवायलाच बसवलं. तिने स्वतःच्या ताटात घेतलं ते पाहून मला वाईट वाटलं, उकडलेली भाजी आणि अंडं, चिमणीचं जेवण. धाकट्याच्या ताटात मात्र भाताचा डोंगर.

आई पाणी आणायला पडद्याआड गेल्या. धाकट्याने ताट बहिणीकडे सरकवलं. तिने भराभर चार-पाच मोठे घास घेतले, हाताने भात सारखा केला आणि ताट परत सरकवलं. माझ्याशी बोलता बोलता! आई बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. पुन्हा ताट इकडून तिकडे. जेवण संपलं तेव्हा आईंनी रिकामं ताट पाहिलं, आणि त्या माउलीचा चेहरा असा उजळला...

"सगळं संपवलंस, राजा!"

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. रुसवा होताच, तरी आली.

"हे तुम्ही आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलंय?" मी विचारलं.

"काय?"

"ताटाचं."

"कुठल्या ताटाचं?"

ती सोंग करत नव्हती. तिला खरोखर कळलं नव्हतं.

"धाकट्याच्या."

"ते त्याचं जेवण आहे!"

"पण जातं कुणाच्या पोटात?"

ती कठड्याला धरून उभी राहिली. "त्याला डायलिसिसनंतर अन्नाचा वासही सहन होत नाही. ताटात राहिलं की आई रात्रभर रडते... मी ते भुकेने खात नाही हो. मला चवसुद्धा लागत नाही."

"काट्याला चव कळत नाही."

झालं! "माझ्या घरी जेवून माझेच घास मोजता? त्या बाई म्हणाल्या, खरं सांगा काय काय खाता. म्हणजे मी खोटारडी. आणि आता तुम्ही!"

"तुम्ही खोटारड्या नाही आहात. तुम्ही..." मी हातातली पेटी खाली ठेवली. "तुम्ही फार चांगल्या आहात. तिथेच घोटाळा झालाय."

ती वळून घरात गेली. मग दार माझ्या तोंडावर लावलं. पण हळू लावलं.

पुढचं धाकट्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने सवयीने ताट सरकवलं, तर ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. आई बाहेर आल्या. भाताचा डोंगर तसाच.

"आई, तो इतकं खाऊ शकत नाही. रोज मी खाते."

आई रडल्या आणि मग जे भडकल्या! "म्हणजे इतके महिने तुम्ही दोघं मला वेडी समजत होतात? मी उपाशी पोराला पाहू शकते. मला फसवलेलं पाहवत नाही!" त्या दिवसापासून त्यांनी त्याला थोडं थोडं, पाच वेळा द्यायला सुरुवात केली. तेवढं तो खाऊ शकत होता.

आकडा लगेच हलला नाही. ती आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली, ताटाचं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, रोज तीच वाट, तोच वेग, शरीराला सवय झालीये. थोडं ओझं उचला, आणि स्वतः उपाशी राहू नका.

ती तडक मला शोधत आली. "ऐकलंत? वजन कमी करायचंय म्हणून वजन उचला म्हणाल्या! आणि खा म्हणाल्या! सगळं जग उलटं झालंय."

"उचलायला माझ्याकडे पुष्कळ आहे," मी पेटीकडे बोट दाखवलं.

त्या आठवड्यात इस्पितळाची लिफ्ट बंद होती. तपासणीची वजनं उघड्या हाताने उचलायची नसतात, घामाने त्यांना गंज चढतो. माझ्याकडे हातमोज्यांची एकच जोडी. उजवा मी घातला, डावा तिला दिला. पेटीच्या दोन कड्या दोघांनी धरल्या आणि मजला मजला चढत गेलो. ती धापा टाकत होती, आणि धापांच्या मध्ये भांडत होती.

"तुम्ही तुमच्या बाजूने... कमी उचलताय."

"मुळीच नाही."

"मग हळू का चालताय?"

"मजले लवकर संपतात म्हणून..."

तिचे कान लाल झाले होते, आणि ते जिन्यामुळे नव्हते. लिफ्ट दुरुस्त झाली तरी आम्ही जिन्यानेच जात राहिलो.

मग आकडा उतरायला लागला. हळूहळू, कंजुसासारखा. ज्या दिवशी तो डॉक्टरांच्या रेषेखाली गेला त्या दिवशी सगळे तिथे होते. आहारतज्ज्ञ बाईंनी दोनदा वाचून दाखवला. आई मटकन खाली बसल्या. धाकटा चाकांच्या खुर्चीत तोंडावर हात दाबून होता. आणि ही काट्यावरून उतरली ती थेट माझ्या अंगावर आली.

"तुम्ही स्क्रू फिरवलात!"

"काय?"

"खरं सांगा. माझी दया आली म्हणून फिरवलात ना?"

आता माझंही डोकं फिरलं. "मी आयुष्यात कधी काटा खोटा लावलेला नाही! माझ्या बापासाठी लावला नसता. वजनं आणतो, तुमच्यासमोर तपासा!"

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

"नाही!"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग कुठे संपला आणि दुसरं काय सुरू झालं ते मला अजून सांगता येत नाही.

"मग... लग्न कराल?"

धाकटा म्हणाला, "काटेवाले, हो म्हणा लवकर, नाहीतर आता तुम्हाला काट्यावर उभं करेल."

मी हो म्हणालो.

शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी धाकटा पुन्हा शाळेची बस चालवायला लागला. त्याचं लग्न झालं, त्याला दोन मुली आहेत. आम्हाला मूल झालं नाही, त्या दोघी आमच्याकडेच वाढल्या म्हणा ना. तिने व्यायाम सोडला नाही. एकच किडनी उरलीये, ती नीट ठेवायची, म्हणायची. वीस वर्षं तिने ती नीट ठेवली. काका, आत्या, हे मिळालं. एक माणूस जगला आणि दोन मुली जगात आल्या. मला वीस वर्षं भांडायला ती मिळाली. आणखी किती मिळायला हवं होतं?

अजून मिळायला हवं होतं. ती बाब वेगळी. त्यासाठी मी रोज कुणाकुणावर चिडतो, पण ते तिच्या व्यायामावर ढकलायचं नाही.

धाकटा अंत्यविधीला आला होता, लांब भिंतीला टेकून उभा होता. आत्याचं बोलणं त्याच्या कानावर गेलंय. त्यानंतर तो घरी आलेला नाही. बस आमच्या रस्त्याने जाते, तो मान वळवत नाही. डॉक्टर माझ्याशी जे बोलले, की किडनीचा काडीचाही संबंध नाही, ते त्याला माहीत नाही. ते मीच सांगायला हवं, समोर बसून, त्याच्या पाठीवर हात ठेवून. दोनदा निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. त्याला अजून सांगितलेलं नाही.