मऊ लाइफ जॅकेट

"कनूमध्ये सगळ्यात पुढं मीच बसणार!" भोपळा ओरडला.

"तू पुढं बसलास तर मागचे आम्ही सगळे आभाळात!" वकील म्हणाला. "माझी हरकत आहे."

वकिलाची हरकत नाही अशी गोष्ट अजून जगात जन्मायची होती. तो शेजारच्या घरात राहायचा आणि झोपेतसुद्धा वाद घालायचा, असं त्याचीच आजी सांगायची. भोपळा हा ताईच्या मामाचा मुलगा. त्याला भोपळा का म्हणत, ते त्याच्याकडे पाहिलं की कळायचं, आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे.

ताईच्या खोलीत जमिनीवर राष्ट्रीय अरण्याचा नकाशा पसरला होता. त्याची चार टोकं उडू नयेत म्हणून त्यांवर दोन बूट, एक विजेरी आणि बिस्किटांचा डबा ठेवला होता. बेत अगदी पक्का होता. पहिल्या दिवशी जंगलातून चालत तळ्यापर्यंत जायचं, वनखात्याच्या लाकडी झोपडीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी कनूतून, म्हणजे त्या लांबट निमुळत्या होडीतून, नदीनं खाली पुलापर्यंत यायचं. पुलापाशी मामाची गाडी उभी असणार होती. निघायचं उद्या!

"मी दोन्ही दिवस जॅकेट काढणारच नाही," मुंगी म्हणाली.

मुंगी म्हणजे ताईची धाकटी बहीण. वय वर्षं सात. तिला पोहता येत नव्हतं, आणि म्हणूनच या सहलीवरून घरात आठवडाभर रणकंदन झालं होतं. शेवटी आईनं मामाला बजावलं, "लाइफ जॅकेट असेल तरच ती पाण्यावर जाईल. आणि ते एक क्षणही अंगावरून निघता कामा नये. कळलं?" म्हणून मामानं नाववाल्या काकांच्या दुकानातून चार नारिंगी जॅकेटं कालच घरी आणून ठेवली होती. मुंगीनं आपलं लगेच चढवलं. ती ते घालून जेवली, ते घालून झोपली आणि सकाळी तिनं ते घालूनच दातही घासले.

तेवढ्यात मामा दारात आला. "मुंगे, चल! नाववाल्या काकांकडे एक चक्कर मारू. आज जरा सराव झाला की उद्या भीती वाटणार नाही. तुम्ही तिघं पिशव्या भरा. आल्यावर मी तपासणार आहे, हं!"

"आम्हीपण येतो ना, बाबा!" भोपळा म्हणाला.

"तुझी पिशवी अजून रिकामी आहे आणि डबाही रिकामा होत चाललाय. बस खाली! मुंगे, वाटेत दोर घेऊ आणि मग थेट नदीवर."

मुंगी उड्या मारत गेली. गाडीचा आवाज लांब गेला आणि भोपळ्यानं ताबडतोब स्वतःचं जॅकेट उशाला घेऊन बिस्किटांचा डबा पोटावर ठेवला.

"काय मऊ आहे रे! घरच्या उशीपेक्षा मऊ!"

"ऊठ, आळश्या!" म्हणत वकिलानं त्याचा पाय ओढला. भोपळ्यानं दुसरा पाय झाडला. तो लागला शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या जगला! जग आडवा झाला आणि भरलेलं पाणी भडाभडा जॅकेटवर ओतलं गेलं.

"नकाशा! नकाशा उचला आधी!" ताई किंचाळली.

तिघांनी नकाशा उचलला. वकील फडकं घेऊन आला आणि फडकं हातात धरून तसाच उभा राहिला.

"अरे, पाणी गेलं कुठं?"

फरशी जवळजवळ कोरडी होती! अख्खा जग सांडला होता आणि फरशीवर चार थेंब! ताईनं जॅकेट उचललं. ते जड झालं होतं. तिनं ते पिळलं. पाण्याची धारच लागली!

"हे पाणी पितंय!" ती म्हणाली.

"प्यायलं तर प्यायलं. तहान लागली असेल," भोपळा म्हणाला.

"गप रे! मी पोहायला शिकले ना, तेव्हा तिथली जॅकेटं कडक असायची. हनुवटीला टोचायची. त्यांवर पाणी ओतलं की घरंगळून जायचं. लाइफ जॅकेट पाणी प्यायला लागलं तर..."

वकिलानं कात्री आणली. आज पहिल्यांदाच त्याची कशालाही हरकत नव्हती. ताईनं शिवण उसवली आणि आत बोट घातलं. आतून निघाला पिवळा, मऊ, भोकाभोकांचा स्पंज!

"हा तर सोफ्यातला स्पंज!" वकील म्हणाला. "आमच्या सोफ्याचं कापड मांजरीनं फाडलं, तेव्हा आत हाच होता. अगदी हाच!"

त्यांनी दुसरं जॅकेट चाचपलं. मऊ! तिसरं? तेही मऊ! तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. कारण चौथं जॅकेट अंगावर घालून मुंगी नदीवर निघाली होती!

ताईनं फोन उचलला आणि मामाचा नंबर लावला. लगेच घंटी वाजली. शेजारच्या टेबलावर! मामा फोन इथंच विसरला होता.

"दुकानात लाव, दुकानात!"

दुकानातला फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. आई दवाखान्यात कामावर होती, आणि तिथून तर नदी आणखीच लांब होती.

"सायकली काढा!" ताई म्हणाली. घाईत तिच्या सायकलीच्या कुलपात किल्ली जाईना. शेवटी भोपळ्यानंच कुलूप काढलं. ओलं जॅकेट वकिलानं मागच्या कॅरियरला बांधलं आणि तिघं सुसाट सुटले. उतारावर ताईनं ब्रेकला हात लावला नाही. मामाला दोर घ्यायला वेळ लागू दे, दुकानात गर्दी असू दे, एवढंच ती मनात घोकत होती.

नाववाल्या काकांचं दुकान नदीला लागूनच होतं. पुढं काउंटर, बाजूच्या भिंतीला ओळीनं टेकवलेली वल्ही आणि मागं लाकडी धक्का. धक्क्याला कनू बांधलेल्या होत्या. गिऱ्हाइकांची ही झुंबड! आणि धक्क्याच्या टोकाला मामा! त्यानं मुंगीच्या काखेत हात घालून तिला उचललं होतं. तिचे पाय कनूच्या वर लोंबत होते.

"मामा, थांब! तिला खाली ठेव!"

ताई इतक्या जोरात ओरडली की सगळा धक्का वळून बघायला लागला. मामानं दचकून मुंगीला परत फळ्यांवर ठेवलं.

"काय झालं? घरी काही...?"

"जॅकेट खोटं आहे! आत स्पंज आहे! हे बघ, पाणी पितं!"

नाववाले काका गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी ते उसवलेलं जॅकेट पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "दुकानाचं जॅकेट फाडलं? कुणी सांगितलं होतं फाडायला?"

"पण काका, हे बुडेल!"

"बुडेल? वेडी की काय! कडक जॅकेटं टोचतात, मान अवघडते म्हणून गिऱ्हाइकं कुरकुर करायची. म्हणून मी मुद्दाम समोरच्या सोफेवाल्याकडून सगळ्यांत मऊ स्पंज भरून घेतला! हंगाम सुरू झाल्यापासून जो तो नुसती तारीफ करतोय."

तिघांनी आ वासला. कुणी फसवलं नव्हतं. कुणी चोरी केली नव्हती. या माणसानं हौसेनं, अभिमानानं, सगळ्यांच्या देखत जॅकेटातला जीवच काढून टाकला होता!

"सगळ्या जॅकेटांत?" वकिलानं विचारलं.

"सगळ्या! आणि मी काय तपासलं नाही? पाण्यात टाकून बघितलं होतं. हे बघ!" काकांनी घडवंचीवरून एक कोरडं जॅकेट घेतलं आणि नदीत भिरकावलं.

ते तरंगलं!

मस्त डुलत तरंगलं. लोक हसले. काकांनी हात झटकले. मामाचे कान लालबुंद झाले. "ताई, पुरे झाला तमाशा. उगीच त्या पोरीला घाबरवू नकोस. काका, माफ करा. फाटलेल्याची भरपाई मी करीन."

ताईला रडू कोसळणार होतं. आपलं चुकलं की काय? पण जगमधलं पाणी गेलं होतं कुठं? ते तर तिनं स्वतःच्या हातांनी पिळलं होतं!

"मामा, थोडं थांब. फक्त थोडं!"

"पुरे म्हटलं ना!"

ताईनं वकिलाकडे पाहिलं आणि मग भोपळ्याकडे. भोपळ्यानं भिंतीकडे पाहिलं, वल्ह्यांच्या रांगेकडे. तिघं इतकी वर्षं एकत्र खोड्या काढत होते, त्यांना बोलायची गरज नव्हती.

"माझी हरकत आहे!" वकील गरजला. तो काकांच्या आणि गिऱ्हाइकांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. "काका, एक विचारू? तपासताना जॅकेट पाण्यात किती वेळ ठेवलं होतं? आत माणूस होता का? जाड होता की बारीक? बूट घातलेला होता का? आणि जॅकेट नवं असताना तपासलं की—"

"अरे, कोण आहे हा कारटा?"

"ते नंतर सांगतो. आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या!"

काका उत्तर द्यायला गेले आणि तिथंच फसले. वकिलाला उत्तर दिलं की त्यातून तीन प्रश्न निघतात. गिऱ्हाइकांनाही गंमत वाटायला लागली. मामा कपाळाला हात लावून उभा होता. मागं भिंतीशी भोपळा वल्ह्यांचे भारे कवळून पळत होता. एक खेप, दुसरी, तिसरी! शेवटची खेप आत गेली आणि दुकानाच्या संडासाचं दार धाडकन लागलं. आतून कडी!

"वल्ही कुठं गेली?" एक गिऱ्हाईक ओरडलं.

"माझ्याकडे आहेत!" आतून आवाज आला. "मी बाहेर येणार नाही!"

"भोपळ्या!" मामा खवळला. त्यानं दार धडाधड वाजवलं. "आधी बाहेर ये! लोकांसमोर शोभा करतोयस माझी!"

"नाही, बाबा!"

काका लालेलाल झाले. गिऱ्हाइकं चिडली, कुणी हसायला लागलं, कुणी पोरांच्या आईबापांचा उद्धार केला. सगळे संडासाच्या दाराशी जमले. धक्क्यावर उरल्या फक्त दोघी बहिणी. ताईनं मुंगीचा हात घट्ट धरला होता.

"ताई," मुंगी म्हणाली, "ते कुठं गेलं?"

"काय कुठं गेलं?"

"काकांनी फेकलेलं जॅकेट. आत्ता तर इथंच होतं."

ताईनं पाण्याकडे पाहिलं. तिथं पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. ती पालथी पडली आणि फळ्यांमधून खाली पाहिलं. खोल, हिरव्या पाण्यात खांबाला अडकलेला एक नारिंगी डाग दिसत होता.

"काका!" ती ओरडली. "या इकडे! सगळे या!"

लोक आले. आधी हसत आले. मग एकेकाचं हसू मावळलं. काका गुडघ्यांवर बसले, त्यांनी आकडीची काठी पाण्यात घातली आणि जॅकेट वर ओढलं. एका हातानं ते वर येईना. दोन्ही हातांनी ओढून त्यांनी ते फळ्यांवर टाकलं, तेव्हा थप्प असा आवाज झाला आणि त्यातून पाणीच पाणी वाहायला लागलं.

एका बाईनं आपल्या मुलाच्या अंगातलं जॅकेट काढायला घेतलं. घाईत बक्कल निघेना, तशी ती रडायला लागली. मग जो तो आपापल्या पोरांची बक्कलं सोडायला लागला.

"मी बघितलं होतं," काका पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "टाकलं, तरंगलं, आणि मी आत गेलो. काउंटरवर गिऱ्हाईक होतं. मी... मी थांबून बघितलंच नाही." ते तिथंच फतकल मारून बसले.

आरडाओरडा ऐकून समोरचे सोफेवाले काकाही आले होते. त्यांनी ते जॅकेट पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "मला सांगितलं, मऊ करा. मी केलं. मला वाटलं, पाण्याचं तुम्ही बघितलं असेल."

"आणि मला वाटलं, तुम्हाला स्पंजातलं कळतं," नाववाले काका म्हणाले.

हे ऐकून वकील दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागला. एवढी मोठी माणसं, आणि प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडून दिलं होतं!

"मी बाहेर येऊ का?" संडासातून आवाज आला. "इथं फार वास येतोय!"

नाववाले काका कसेबसे उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "ये बाळा. आज वल्ही कुणालाच लागणार नाहीत." मग त्यांनी दुकानावर बंदची पाटी लावली, सगळी जॅकेटं धक्क्यावर ओतली आणि मोठी कात्री घेऊन स्वतःच्या हातानं एकेक कापायला बसले. पुन्हा कुणी चुकून घालू नये म्हणून. मान वर न करता ते म्हणाले, "पोरांनो, नवी जॅकेटं येतील. कडक येतील. ती पाण्यात टाकून तुम्ही तिघांनी बघायची. तुम्ही हो म्हणाल, तेव्हाच मी दुकान उघडीन."

मामा मुंगीसमोर गुडघे टेकून तिच्या जॅकेटची बक्कलं सोडत होता.

"मामा, मी बुडाले असते?" मुंगीनं विचारलं.

"छे गं, बाळा," गर्दीतली एक आजी घाईघाईनं म्हणाली.

पण मामानं मान हलवली. "हो. होडी उलटली असती, तर बुडाली असतीस. आणि मीच तुला उचलून बसवत होतो." त्यानं मुंगीला छातीशी धरलं, ते किती तरी वेळ सोडलं नाही.

मग तो उठला. ताईला वाटलं, आता फाडलेल्या जॅकेटवरून आणि तमाशावरून बोलणी खावी लागणार. मामानं काकांचा फोन मागून घेतला आणि दवाखान्यात लावला.

"अक्का, मी बोलतोय. आधी ऐक, सगळे धडधाकट आहेत," तो म्हणाला. एकदा ताईकडे बघून तो पुढं म्हणाला, "तुझ्या थोरलीनं आज माझं ऐकलं नाही. म्हणून धाकटी घरी येतेय."

पलीकडून आईचा आवाज आला, "थोरलीला फोन दे."