हिरव्या दाराचं घर

ताइनानमधल्या त्या गल्लीत विजेच्या सात पेट्या होत्या. वॉर्डप्रमुख ल्याओकाकांनी त्या गल्लीतल्याच चित्रकारांना रंगवायला दिल्या. ज्याचं चित्र सरस ठरेल, त्याला देवळासमोरच्या हमरस्त्यावरच्या साऱ्या पेट्या मिळणार होत्या. रुई-चूला त्या हव्याच होत्या. तीस वर्षं ती मेलेल्यांना परलोकात राहायला कागदाची घरं करत आली होती. बांबूच्या कामट्या, खळ, रंगीत कागद. आठवडाभर खपून घर उभं करायचं, आणि अंत्यविधीला घटकाभरात त्याची राख. एकदा तरी आपलं काही टिकावं, एवढंच तिचं मागणं होतं.

तिने आपल्या पेटीवर मोर काढला. दुसऱ्याच दिवशी नूडल्सवाल्या बाईने त्यावर लादी पुसायचं फडकं वाळत घातलं.

शेजारच्या पेटीवर बी-शियाने घर काढलं. ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. लाल कौलं, बंद हिरवं दार, दाराशेजारी नावाची कोरी पाटी, खिडकीत एक रिकामी खुर्ची. बस, एवढंच! आणि लोक थांबून थांबून फोटो काढत होते.

"काय हात आहे गं तुझा!" ल्याओकाका बी-शियाला म्हणाले. मग रुई-चूकडे वळले. "तुझा कोंबडाही झकास हो."

"मोर आहे तो, काका."

रुई-चूचा नुसता जळफळाट झाला. घरं तर ती करायची! बी-शियाने जन्मात एक कामटी वाकवली नव्हती. आणि दार असं बंद ठेवतात का कधी? रुई-चू प्रत्येक घराचं दार बोटभर उघडं चिकटवायची, येणाऱ्याला वाजवायला लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्ली पेंगत असताना, ती बारीक कुंचला घेऊन गेली. पेटी आतून गुणगुणत होती, पत्रा तापला होता. चित्र बिघडवायचं ठरवून आली होती, पण हात धजेना. इतकं सुरेख होतं ते. हे आपलं असायला हवं होतं, असं वाटून तिला रडू आलं. तिने कोऱ्या पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं.

घरी हात धुताना तिला आठवलं. कागदाच्या घराच्या पाटीवर करणाऱ्याचं नाव कधीच लिहीत नाहीत. तिथे राहायला जाणाऱ्याचं लिहितात.

चित्राला कुठलं आलंय असलं काही, असं तिने स्वतःला बजावलं.

सकाळी चित्रातल्या दारापाशी चपला होत्या. निळ्या, डाव्या टाचेला झिजलेल्या.

घरी तिच्या चपला नव्हत्या. "तूच टाकल्या असशील कुठेतरी," नवरा म्हणाला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चित्रातल्या खिडकीत कप आला, कानाचा टवका उडालेला. घरच्या फळीवर धुळीत एक स्वच्छ गोल राहिला होता.

ती थिनर घेऊन धावली. घासघास घासलं. पाटी पुसली गेली. नाव राहिलं.

बी-शिया मागे येऊन उभी होती.

"चित्रात या चपला तू काढल्यास ना? खरं सांग!"

"मी?" बी-शिया हसली. "अगं, मला घरं कुठे जमतात? माझा तो मोर. त्यावर मेलं फडकं वाळत घालतात."

रुई-चूने तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

तेवढ्यात ल्याओकाका आले, मागून अर्धी गल्ली. "रुई-चू, जिंकलीस गं! हमरस्ता तुझा! घर काढावं तर तूच."

टाळ्या वाजल्या. नूडल्सवाली बाई सगळ्यांत जोरात वाजवत होती. आणि क्षणभर, अगदी खरंच, रुई-चूला आनंद झाला.

मग तिला वास आला. ताज्या खळीचा.

तिने वळून पाहिलं. हिरवं दार बोटभर उघडं होतं.