समुपदेशकाने खुर्ची सोडली

उशीर माझाच झाला होता, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? चर्चच्या मागच्या खोलीत सगळ्यांच्या जोड्या लागून गेल्या होत्या आणि एकच खुर्ची रिकामी होती — एका लांबुडक्या माणसाच्या समोरची. बाहेर भुरभुर पाऊस होता. माझी छत्री त्याच्या बुटावर टपटप गळत होती आणि हा पाय मागे घ्यायचं सोडून माझ्याकडे बघत होता.

"तुमचा बूट भिजतोय," मी म्हटलं.

"हो. कळतंय मला."

आणि पाय तिथेच! आता याला काय म्हणावं?

समुपदेशनाचा वर्ग होता, दर शनिवारी. मंडळीतलं कुणी दुःखात असेल तर त्याच्याजवळ कसं बसायचं, पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन कधी वाचायचं, प्रार्थना कधी करायची, हे आमचं चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाई शिकवायच्या. सरावासाठी ठरलेल्या जोडीतल्या एकानं समुपदेशक व्हायचं, दुसऱ्यानं एखादी खोटी अडचण सांगायची. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस. लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि बोलू मात्र द्यायचं नाही, हे माझं दिवसभराचं काम. आईनंच मला या वर्गाला पिटाळलं होतं, जरा ऐकायला शीक म्हणून. माझा हा जोडीदार लिफ्ट दुरुस्त करायचा. आत अडकलेली माणसं घाबरून रडतात, दार उघडेपर्यंत त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून आला होता. वर्गात सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी अडचण रचली, "घरात माझं कुणी ऐकतच नाही." एवढं म्हणते न म्हणते तोच यानं शास्त्र उघडलं आणि धीर धरण्याविषयीचं वचन धडाधड वाचून टाकलं.

"अहो, थांबा की! मी अजून रडलेसुद्धा नाही!"

"रडणार होतात?"

"बेत होता."

"मग रडा. मी थांबतो."

आणि खरंच थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून! मला हसू आवरेना. पाळकबाई मागेच उभ्या होत्या. "वचन म्हणजे काय गोळी आहे, दुखलं की दिली?" त्या त्याला म्हणाल्या. "आधी ऐक. मग विचार, वाचू का, प्रार्थना करू का. समोरचा नको म्हणाला तर गप्प बस."

तो शिकला. इतकं छान ऐकायला शिकला की माझी पंचाईत झाली. चौथ्या-पाचव्या शनिवारी 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही. तो मान किंचित कलती करायचा, डोळे माझ्यावर ठेवायचा आणि मी रचलेली अडचण अशी ऐकायचा, की मलाच ती खरी वाटायला लागायची. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून ऐकावं हे तर पाळकबाईंनीच शिकवलेलं... मग तो बघतो ते वर्गासाठी, की माझ्यासाठी? कुणाला विचारणार? दवाखान्यात मी एका पेशंटच्या तोंडात पाण्याची नळी तशीच विसरले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

त्यात आत्यानं स्थळ आणलं. मुलगा इंजिनिअर, दूरच्या शहरात मोठी नोकरी, माणसं देवभीरू. रविवारी उपासनेनंतर उत्तर द्यायचं ठरलं. आत्यानं प्रार्थना केली, तिला शांती मिळाली, म्हणजे देवाचा होकारच. आईनं उपास धरला, तिलाही होकार मिळाला. मुलाचा तर निरोपच आला, देवानं त्याला हीच मुलगी दाखवली म्हणे — मला एकदाही न भेटता! देव सगळ्यांशी बोलला, एक मी सोडून. मी गुडघे टेकले की डोळ्यांपुढे एक भिजलेला बूट यायचा. अशानं कुणाला शांती मिळेल?

आदल्या दिवशीच्या वर्गाला मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आज अडचण खरी आहे."

सगळं सांगितलं. आत्या, आई, इंजिनिअर, उद्याचं उत्तर. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"वाचू का काही?" त्यानं विचारलं.

"वाच."

पानं उलटली. पुढं गेला, मागं आला, परत पुढं.

"सापडत नाहीये?"

"सापडतायत ना. खूप सापडतायत," त्यानं पुस्तक मिटलं. "पण सगळी माझ्याच बाजूची."

"तुझी कसली बाजू?"

त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं. "प्रार्थना करू?"

"कर बाबा. तेवढं तरी कर."

त्यानं डोळे मिटले. "हे प्रभू, ही आमची ब—" आणि अडखळला. मंडळीत प्रार्थना करताना सगळ्या बायका बहिणी आणि सगळे पुरुष भाऊ, ही रीतच आहे. त्यानं घसा खाकरला. "हे प्रभू... ही आमची..."

मी एक डोळा उघडून पाहिलं. त्याचे कान लालेलाल झाले होते.

"नाही जमत," तो म्हणाला आणि चक्क उठून उभा राहिला. "मला ही खुर्ची सोडायला हवी. तुझ्याबद्दल देवाची काय इच्छा आहे ते मला माहीत नाही. माझी काय आहे तेवढं पक्कं माहीत आहे. ती पोटात ठेवून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली, तर ती लबाडी होईल."

"काय आहे तुझी इच्छा?"

"तू जाऊ नयेस."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" मला असा राग आला! हसूही आलं, रडूही. नक्की काय येतंय ते कळेना.

"तू दर शनिवारी खोटं बोलायचीस," तो पुटपुटला. "मला वाटलं, माझ्याकडे तसं बघतेस तेही सरावाचंच असेल."

अरे देवा! म्हणजे इतके दिवस हाही त्याच गोत्यात! घरात देवाला काय हवंय ते मला प्रत्येकानं सांगितलं होतं. 'मला तू हवी आहेस', असं मात्र कुणीच म्हटलं नव्हतं.

"बस खाली," मी म्हटलं. "आता मी प्रार्थना करते. करू का?"

तो बसला. "कर."

मी डोळे घट्ट मिटले. "प्रभू, माझा पार गोंधळ उडालाय. तू आत्याशी बोललास म्हणे, आईशीही बोललास. बोलला असशील. मला अजून काही ऐकू आलेलं नाही आणि उत्तर तर उद्यावर आलंय. म्हणून मीच सांगते. मला ते स्थळ नको. मला हा हवाय, हा समोर बसलाय तो. आज घरी जाऊन मी हे सांगणार आहे. आई रडेल, आत्या बोलायची थांबेल, मला फार भीती वाटतेय. माझं जर चुकत असेल, तर तू—"

"आमेन!"

केवढ्यानं ओरडला! मी डोळे उघडले तर सगळे वळून आमच्याकडे बघत होते.

"अरे, तिचं वाक्य तरी पुरं होऊ दे!" पाळकबाई लांबूनच म्हणाल्या.

"नको बाई," तो माझ्यावरची नजर न काढता म्हणाला. "इथवरच बरं आहे."