नसेचं टोक

मी मूळची वडीगोद्रीची. बाबा शाळामास्तर होते. आमच्या घरात देव नव्हते आणि भुतंही नव्हती. कुठलीही गोष्ट आधी बघायची, तपासायची, मग मानायची, एवढी एकच शिस्त होती. पुढे मज्जातंतूंच्या संशोधनात बेंगळुरूला माझी उमेदीची वर्षं गेली. तुटलेली नस पुन्हा कशी वाढते आणि तोवर मेंदू आपला नकाशा कसा बदलून घेतो, हा माझा विषय. उंदरांवर जमलं होतं. माणसांवर पाहायचं म्हणून मी जालन्याला परतले, तिथल्या एका रुग्णालयात.

रजियाआपा आमच्या पहिल्या काही रुग्णांपैकी. आष्टीच्या बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान, मागेच घर. उन्हाळी वादळात उडून आलेल्या पत्र्यानं त्यांचं उजवं मनगट कापलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. चिमटीत सुई धरलीय की नाही, हेही कळेना. नसेच्या दोन तुटक्या टोकांमध्ये आमच्या सर्जननी एक बारीक नळी बसवली. तिच्यातून नस पुढे सरकणार होती, रोज जेमतेम मिलिमीटरभर.

ती कुठवर आली हे तपासायची रीत साधी आहे. रुग्णानं डोळे मिटायचे. आपण मनगटापासून बोटांकडे हलक्या टिचक्या मारत जायचं. नसेचं वाढतं टोक सापडलं की मुंग्या येतात, आणि कोणत्या बोटात आल्या ते रुग्ण सांगतो.

त्यासाठी मी दर महिन्याला आष्टीला जायचे. रजियाआपांचे पती चांदपाशा मला खुर्ची द्यायचे, चहा ठेवायचे आणि तपासणी होईपर्यंत दारात उभे राहायचे. टोक तळहातात आलं, मग बोटांत शिरलं. दिवाळीनंतर ते शेंड्यांपर्यंत पोचलं. त्या दिवशी रजियाआपांनी न बघता सुई उचलली. चांदपाशा तोंड फिरवून बाहेर गेले.

माझं काम खरं तर तिथंच संपलं. पण हात सवयीनं पुढे गेला आणि एक टिचकी जास्त पडली. बोटावर नव्हे, बोटापुढे, टेबलावर.

"लागलं," डोळे मिटलेल्या रजियाआपा म्हणाल्या. "मधलं बोट."

लाकडातून हादरा गेला असेल. मी त्यांच्या हाताखाली घडीची गोधडी ठेवली, कानांत कापूस घालायला लावला आणि टेबलाला न शिवता नुसती हवेत टिचकी मारली.

"लागलं."

परतताना गाडीत मी स्वतःला समजावत राहिले. मेंदू शरीराची हद्द वाढवतो. आंधळ्याला काठीच्या टोकाशी जमीन लागते, शिंप्याला सुईच्या टोकाशी कापड. हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी शिकवलं होतं. फक्त इथं काठी नव्हती.

पुढच्या खेपेला टोक खिडकीच्या गजांपाशी होतं. त्यानंतर घराबाहेर. आता वाढ मिलिमीटरची राहिली नव्हती. जानेवारीत मी रजियाआपांचे डोळे बांधून आत बसले, आणि चांदपाशा मागच्या रानात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांमधून हवेत टिचक्या मारत लांब लांब गेले. मला ते दिसेनासे झाले तरी समोर रजियाआपा मधूनमधून मान हलवत होत्या.

चांदपाशा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "मॅडम, बस करा. हात बराबर झाला. आता कशाला बघून राह्यलो आपण?"

रजियाआपा मात्र शांत होत्या. "पुढं कुणीतरी हाय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"काय म्हाईत. हात पुढं करून बसलंय. माझ्यावानीच."

हे थांबवायचं तर नस मनगटापाशी पुन्हा कापता येईल, हे मी त्यांना सांगितलं. बोलताना माझाच आवाज मला परका वाटला. इतक्या वर्षांच्या कामातून उभं राहिलेलं माझं पहिलं यश मी स्वतःच कापायला निघाले होते.

"कापल्यावर बोटं?"

"पहिल्यासारखी होतील, आपा. बधिर."

त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. "मंग राहू द्या. दुखत तर न्हाई."

मार्चमध्ये मी पुन्हा गेले. भर दुपार, बाहेर पांढरं ऊन. रजियाआपा हात टेबलावर ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी समोर बसले. अजून बॅगही उघडली नव्हती.

"अंगठा," त्या म्हणाल्या.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"हे शेजारचं."

मी दाराकडे पाहिलं. चांदपाशांच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते.

"मधलं. हां, बराबर."

मग त्या थांबल्या. कपाळावर आठी आली. डोळे न उघडता त्यांनी मान जराशी कलती केली.

"हे बोट माझं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "पण लागून राह्यलं."