चाफ्याच्या वाट्याचं पाणी

हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात उल्हास वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पण घरात त्यांचं राज्य चालायचं ते बेसमेंटमधल्या एका कुंडीवर. चाफ्याच्या.

"आपला देवळातला देवचाफा म्हणतेस ना? मूळचा मेक्सिकोकडच्या कोरड्या रानातला आहे हा," ते बायकोला, जयंतीला, चिडवायचे. "तिथे अर्धं वर्ष थेंब पडत नाही. सगळी पानं टाकून झोपतो बिचारा. तुझ्या देवांना रोज आंघोळ घाल, पण थंडीत माझ्या झाडाला नको. मुळं कुजतील!"

२०१७च्या पानगळीत उल्हास गेले.

देवांच्या आंघोळीचं पाणी सिंकमध्ये कसं ओतायचं? ते तुळशीलाच जायचं. पण ते गेल्यावर पहिल्याच थंडीत तुळसही गेली. मग पूजा झाली की जयंती तांब्या घेऊन खाली उतरायची आणि चाफ्याच्या बुंध्याशी ओतून यायची. नवऱ्याचं बोलणं ती पार विसरली होती. दुःखात माणूस काय काय विसरतं!

जानेवारीत टोरांटोच्या केयाने, तिच्या लेकीने, व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. "आई, यू आर वॉटरिंग इट? बाबा ऑल्वेज सेड, नो वॉटर इन विंटर!"

जयंतीने तांब्या खाली ठेवला. त्यांची एवढी एकच जिवंत खूण, तीही आपल्याच हाताने मारली! तिने खोड दाबून पाहिलं. टणक. मातीत बोट खुपसलं. माती कोरडी ठणठणीत, खालची ताटलीही कोरडी.

जन्मभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली बाई ती. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या उबेने पाणी सुकलं असेल, असं तिने ठरवून टाकलं. पण फर्नेस होता पलीकडच्या कोपऱ्यात. आणि कुंडीपाशी तापलेल्या मातीचा, वाळक्या पाल्याचा वास येत होता. खिडकीबाहेर तर बर्फ पडत होता.

दुसऱ्या दिवशी पूजेचं पाणी अंगणातच टाकायचं म्हणून ती बेसमेंटच्या दाराने निघाली. बाहेर बर्फ गुडघाभर. कुंडीशेजारी उल्हासचे स्नो बूट होते, ते गेल्यापासून कोणी हलवलेच नव्हते. तेच घालावेत म्हणून तिने एक उचलला.

जड लागला.

आत काठोकाठ पाणी होतं. दुसऱ्यातही. वर कुंकवाचा लालसर रंग, दोन अक्षता, काल देवाला वाहिलेलं शेवंतीचं फूल.

"अहो," तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं, "देवाचं पाणी बुटात?"

वर चाफ्याच्या उघड्या फांदीला कळ्या धरल्या होत्या.

तिने हळूच बोटं बुडवली. पाणी कोमट होतं, कोणी नुकताच पाय काढून घेतल्यासारखं.