सहीचा अधिकार

"तुला काय कळतंय त्यातलं, ताई? तू तर अर्ध्यावर सोडून पळून आलीस."

अजितच्या तोंडून शब्द निसटले आणि पासली गावातल्या त्या छोट्या घरातलं रविवारचं जेवण तिथंच थांबलं. संजीवनीची भाकरी तव्यावरच राहिली... खाटेवर टेकून बसलेल्या आबांचे ओठ थरथरले, काहीतरी सांगण्यासाठी त्यांचा जीव तळमळला. पण लेकीनं त्यांना डोळ्यांनीच विनवलं आणि त्या पित्यानं मान खाली घातली.

विषय साधाच होता. अजित इंजिनियर होऊन पुण्यात नोकरीला लागला होता, आणि आता लायसन कुठलं काढायचं ते त्याला ठरवायचं होतं. साइटवरच्या सुपरवायझरचं लायसन लवकर मिळालं असतं. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लायसनसाठी मात्र एखाद्या मुरलेल्या माणसाच्या हाताखाली आणखी काही वर्षं काढावी लागणार होती. पण मग सांगाड्याच्या नकाशावर सही त्याची असती, इमारत उभी राहील हा शब्द त्याचा असता. संजीवनी एवढंच म्हणाली होती, "घाई करू नको. सहीची वाट लांबची असली तरी..." आणि त्यानं तिला मध्येच तोडलं होतं.

तीही इंजिनियरच होती. पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनियर शेफाली मॅडमच्या हाताखाली ती याच लायसनसाठी अनुभव घेत होती, थोडाच अवधी उरला होता, आणि आबांना लकवा मारला. आई आधीच गेलेली. अजितचं कॉलेज चालू... ताईनं आपल्यासाठी काय सोडलं हे कळलं असतं, तर तो शिक्षण टाकून धावत आला असता! म्हणून तिनं हसत हसत सांगून टाकलं, "नोकरी मी तशीबी सोडणारच होते. मला न्हाई जमत ती गणितं." आबांकडून तिनं शपथ घेतली. त्या एका असत्यानं भावाचं शिक्षण तरलं, आणि त्याच असत्यानं त्याच्या मनातली ताई उणी झाली. भाताची खाचरं, आबांची सेवा, आणि भावाच्या नजरेतली ती किंचित कीव... सारं तिनं मुकाट सोसलं.

आताही तव्यावरची भाकरी उलटत ती शांतपणे म्हणाली, "मला नसंल कळत. पण एकदा शेफाली मॅडमना भेट. त्या नीट सांगतील."

मॅडमच्या तोंडून सत्य बाहेर पडेल ही भीती तिला होतीच. पण भावाची वाट चुकू नये, याच्यापुढे तिला ती भीती क्षुल्लक वाटली.

पुढच्या शनिवारी सकाळीच अजित मोटारसायकलवर आला. शेजारच्या सगुणाबाईंना त्यानं आबांजवळ बसवलं आणि म्हणाला, "ताई, चल माझ्यासंगं." कुठं, ते सांगेना, डोळे मात्र सुजलेले होते. वेल्हे मागं पडलं, नसरापूर गेलं, आणि वरवे बुद्रुकला एका शाळेच्या दुमजली इमारतीसमोर त्यानं गाडी उभी केली.

संजीवनी उतरली आणि जागच्या जागी थिजली.

हा लांब व्हरांडा... हा वळणाचा जिना... पाया खणायच्या आधीच ती पुणं सोडून आली होती. जे तिनं केवळ रेषांत आणि आकड्यांत पाहिलं होतं, ते आज उन्हात उभं होतं, रंग ल्यालेलं, भिंतीवर बाराखडी मिरवणारं! एवढं मोठं काही आपल्या मनातून निघालं असेल, यावर तिचा विश्वासच बसेना.

"मॅडम म्हणाल्या, या शाळेचा सांगाडा तुझ्या ताईनं मांडलाय, मी फक्त सही केली," अजित म्हणाला. "मी त्यांना लायसनचं इचारायला गेलो, तर त्यांनी मलाच इचारलं, संजीवनी परत कधी येतीय? मग सगळंच बाहेर पडलं. ताई, तू मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू शिकला असतास का?"

खाली वाकून त्यानं बहिणीच्या पायांवर हात ठेवले. तिनं त्याला उठवलं, जवळ घेतलं.

"म्या ठरवलंय," तो म्हणाला. "सुपरवायझरचं लायसन काढतो. वेल्ह्यात काम मिळतंय, घरनं जाईन येईन, आबांना मी बघतो. तू मॅडमकडं परत जा."

"माझ्यापायी तुझी वाट सोडू नको, अजित."

"न्हाई गं. माझा जीव साइटवरच रमतो, टेबलावर न्हाई. आणि काय करतोय ते मी तुला सांगून करतोय. तू न सांगता केलंस, म्हणून इतकी वर्षं मी तुला ओळखलंच न्हाई."

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. वरच्या मजल्यावरची पोरं दणदणत जिन्यानं उतरली, व्हरांड्यातून धावली. संजीवनीनं खांबाला तळवा टेकला. शेकडो पावलांचा तो अफाट भार जमिनीत मुरत होता आणि खांब निश्चल होता. तिचे डोळे वाहू लागले... हा खांब आपल्याला पेलेल का, अशी शंका या पोरांपैकी एकाच्याही मनात नव्हती.

मग भावाकडे न पाहताच हलक्या आवाजात म्हणाली, "आबांना घास उजव्या बाजूनं द्यायचा. डाव्या गालात राहतो, त्यांना कळत न्हाई. आणि घाई करायची न्हाई."

"व्हय ताई," अजित म्हणाला.