दोनशे अठरावर कोण आहे

हूब त्या रात्री भूत बघायला गेला नव्हता, नंबर वाटायला गेला होता. नीट बसा पोरांनो, सर्व्हर चालू व्हायला अजून अवकाश आहे. फोन यंत्रणा बसवायच्या कामावर जाताना हूब वर्षानुवर्षं माझ्याच गाडीत बसायचा आणि माझ्याच डब्यातलं चीज खायचा, म्हणून सांगतो. त्याला खोटं बोलणं जमायचं नाही.

इकडे दक्षिणेत, हेर्लेनमध्ये, जुन्या कोळसा खाणीच्या आवारात एक कॉल सेंटर आहे. एकटे राहणारे म्हातारे गळ्यात मदतीचं बटण घालतात ना, ते दाबलं की फोन तिथे लागतो. गेल्या वर्षी तिथे नवी फोन यंत्रणा बसली आणि फोन घेणाऱ्या प्रत्येक बाईला तिचा तीन आकडी एक्स्टेंशन नंबर नेमून द्यायचं काम हूबच्या गळ्यात पडलं. काम सोपं, माणसं अवघड. दोनशे तेरा कुणाला नको. दोनशे अकरासाठी तिघी हमरीतुमरीवर, कारण अकरा म्हणजे कार्निव्हलचा, वेड्यांचा आकडा. हूबने चारदा वाटप केलं आणि चारदा मोडलं.

आणि मग दोनशे अठरा. तो टीनीचा. कित्येक वर्षं ती त्या नंबरावर बसली आणि वसंतात वारली. बायकांनी साफ सांगितलं, गेलेल्या माणसाचा नंबर वर्षभर कुणाला द्यायचा नाही, आमचे बाप खाणीत होते तेव्हा तिथेही असंच होतं. केंद्राचा साहेब यूरियान हा ॲम्स्टरडॅमकडचा. त्याला क्रमात भोक चालेना. म्हणाला, सोमवारी लोट नावाची नवी मुलगी येतेय, तिला दोनशे अठरा द्या. वर हूबला बजावलं, रविवारी सकाळी सहाला सगळे नंबर लागलेले दिसले नाहीत तर पुढची कामं दुसऱ्याला. इकडे आड, तिकडे विहीर.

रात्रही साहेबानेच निवडली. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करायची रात्र. तीन वाजले की पुन्हा दोन. एक तास फुकट मिळतोय, म्हणाला. फुकट म्हणे, आमच्या झोपेतून. त्या रात्रीपुरते बटणांचे सगळे फोन मास्ट्रिख्टच्या केंद्राकडे वळवले होते. बायकांना सुट्टी. इमारतीत हूब एकटा.

एकच्या सुमाराला सगळे नंबर बसले. एक सोडून.

दोनशे अठरासमोर लोटचं नाव घातलं की पडद्यावर यायचं, नंबर वापरात आहे, बोलणं संपल्यावर प्रयत्न करा. हूबने यंत्रणा बंद करून चालू केली. पुन्हा तेच. मग त्याने यंत्रणा बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. पुन्हा तेच. नंबरासमोर लाल दिवा, म्हणजे बोलणं चालू. पण बोलणार कोण? जुने फोन त्या संध्याकाळीच भंगारात गेले होते. टीनीचं टेबल त्याने जाऊन पाहिलं. नुसती वायर लोंबत होती.

लटकलेला कॉल असणार, संपूनही न तुटलेला, तो म्हणाला. होतं असं. त्याने तोडायच्या बटणावर बोट ठेवलं. चिडलेला होता, पण आपल्या कामाचा पहिला नियम विसरला नव्हता. तोडण्याआधी ऐकायचं. पर्यवेक्षकाला गुपचूप ऐकायची सोय असते, ती त्याने लावली.

एक म्हातारा बोलत होता.

"...हो, स्वयंपाकघरातच. नाही गं, झोपत नाही."

शांतता.

"गार लागतंय, टीनी."

शांतता... लांब. समोरचं माणूस बोलावं आणि आपण ऐकावं, तेवढी.

"पाय? पाय कळतच नाहीत मला."

हूबने फोन करणाऱ्याचा नंबर शोधला. लपवलेला. ओरडून पत्ता विचारला, आणि मग आठवलं, इथून ऐकता येतं, बोलता येत नाही. बोट तसंच तोडायच्या बटणावर ठेवून त्याने दुसऱ्या हाताची मूठ टेबलावर आपटली. फोन तोडला तर नंबर मोकळा, काम पूर्ण, सहाच्या आत घरी. आणि तो म्हातारा... कुठल्या गावात, कुठल्या घरात... देव जाणे. संतापाने हूबच्या डोळ्यांत पाणी आलं.

घड्याळात तीन वाजले. मग दोन.

"काय म्हणतेस?" म्हातारा म्हणाला. "कोण ऐकतोय?"

शांतता.

"बरं... सांगतो. अहो, जे कोणी असाल ते. बेर मूनेन. शाळेमागची गल्ली, घर नऊ, केर्कराडे. मागचं दार उघडं आहे."

शांतता.

"ती म्हणते... बटणावरचं बोट काढा."

हूबने बोट काढलं.

त्याने मोबाइलवरून ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ऐकत बसला. दार वाजलं. माणसांचे आवाज आले. "आले गं," म्हातारा म्हणाला. "ठेव आता."

लाल दिवा पिवळा झाला. पिवळा म्हणजे फोन ठेवून बाई नोंद करतेय. थोडा वेळ पिवळाच राहिला. मग राखाडी. राखाडी म्हणजे घरी गेली.

बेर वाचला. संध्याकाळी पडून कंबरेचं हाड मोडलं होतं, बटण न्हाणीघरात खुंटीला. खिशातल्या मोबाइलवरून त्याने टीनीने कधी काळी दिलेला तिचा थेट नंबर लावला होता. बटणांचे फोन वळवले होते, तो नंबर मात्र कुणाचाच नसल्यामुळे वळवायचा राहिला होता. डॉक्टर म्हणाले, त्या गार फरशीवर डोळा लागला असता तर उठला नसता.

सहाला यूरियान आला. सगळे नंबर पाहिले, आणि दोनशे अठरासमोरची रिकामी जागा.

"हा का नाही दिला?"

"तो द्यायचा नाही," हूब म्हणाला. "त्यावर माणूस आहे."

"पुढची कामं जातील तुझी."

"जाऊ देत."

यूरियान चिडून म्हणाला, मीच लावतो. कपाटातून नव्या फोनचं खोकं आणलं, सील फोडलं, वायर खोचली, रिसीव्हर उचलून कानाला लावला... आणि झटकन काढला. मग तो हूबच्या हातात दिला.

कोरा फोन. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

रिसीव्हरची कानाकडची बाजू गरम होती, रात्रभर कुणी कानाला धरून बसल्यासारखी.